प्रकरण सातवे : तेल सरताना पेटणारा दिवा

देवघरातील समई आणि मोटारीच्या डॅशबोर्डवरील तांबडा दिवा यांची रीत एकमेकांच्या अगदी उफराटी आहे. समईत तेल भरपूर असेतोवर तिची ज्योत स्थिर असते, तेल सरत आले म्हणजे ती फडफडू लागते आणि तेल संपताच विझते. मोटारीतला दिवा मात्र इंजिनातील तेलाचा दाब यथास्थित असेतोवर काळोखात गप्प बसून राहतो, दाब ओसरू लागला म्हणजे लुकलुकतो, आणि दाब पार नाहीसा झाला म्हणजे डोळे वटारावेत तसा ठळक पेटून उठतो. त्रिपुरी पौर्णिमेला गोदावरीच्या पात्रात सोडलेले शेकडो दिवे पाहून ज्या नाशिककराचे मन प्रसन्न होते, त्यालाच हा एकुलता एक दिवा पाहून घाम फुटतो. त्या दिव्यावर लांब चोचीची तेलाची झारी आणि तिच्या चोचीतून गळणारा एक थेंब असे चित्र असते. पुष्कळांना तो अल्लाउद्दिनाचा चिराग वाटतो, परंतु हा चिराग घासून कोणाचे भले झाल्याचे ऐकिवात नाही.

मुंबईहून नाशिकास येणाऱ्यांपैकी ज्याच्या गाडीचे वय थोडे झाले आहे, त्याला या दिव्याचे पहिले दर्शन बहुधा कसारा घाटात होत नाही. ते घाट ओलांडल्यावर होते, आणि त्याच्या निदानाचे अर्धे मर्म या एका गोष्टीतच साठलेले आहे. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत रस्ता सुमारे तीनशे मीटर उंची चढतो. भर उन्हाळ्यात, मागे बिऱ्हाड आणि टपावर सामान घेऊन गाडी ही चढण चढत असते तेव्हा इंजिन वेगाने फिरत असते, तापत असते, आणि दिवा मात्र विझलेलाच असतो. इगतपुरी मागे पडते, घोटीच्या टोलनाक्यावर रांग लागलेली दिसते, पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, इंजिन स्लोवर येते, आणि मग तो तांबडा ठिपका लुकलुकू लागतो. थोडी रेस दिली की विझतो. पाय काढला की पुन्हा लुकलुकतो. एका एप्रिलच्या दुपारी माझ्या दहा वर्षांच्या डिझेल गाडीने हाच प्रकार केला, आणि शहरात पोहोचल्यावर एका गॅरेजात त्या तक्रारीचा निकाल पाच मिनिटांत लागला : ऑइल प्रेशरचा स्विच गेला आहे, नवा बसवला, इतके इतके पैसे झाले. दिवा खरोखरच विझला. महिनाभराने तो परत आला. त्या एका महिन्यात काय घडत होते हे मला पुढे कळले, आणि ते वाचकांनाही यथाकाल सांगेन. परंतु त्याआधी हा साक्षीदार कोण, त्याला ठाऊक काय असते आणि तो बोलतो किती, याची रुजुवात करून घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट ही की सामान्यतः हा दिवा तेलाची पातळी सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. आणि तोही किती आहे ते सांगत नाही, एका ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की वर आहे एवढेच सांगतो. इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेला करंगळीच्या पेराएवढा जो स्विच असतो, त्याच्या पोटात एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग असते. इंजिन बंद असताना स्प्रिंग दोन टोके जुळवून धरते, म्हणून किल्ली फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, तेल पडद्यावर रेटू लागले, की टोके विलग होतात आणि दिवा विझतो. ही मर्यादा बहुतेक मोटारींत सुमारे ०.३ ते ०.५ बार इतकी असते. एक बार म्हणजे ढोबळ मानाने आपल्या सभोवतालच्या हवेचा दाब, अथवा जुन्या मिस्त्रींच्या हिशेबाने चौरस इंचास साडेचौदा पौंड. तापलेल्या निरोगी इंजिनात स्लोवर एक बार किंवा त्याहून थोडा अधिक, आणि मिनिटास दोन-तीन हजार फेऱ्यांच्या वेगाला तीन ते चार बार दाब असणे अपेक्षित असते. म्हणजे दाब निम्म्यावर आला तरी हा साक्षीदार तोंड उघडत नाही; तो उघडतो तेव्हा प्रकरण बरेच पुढे गेलेले असते. मात्र स्थिर पेटलेल्या दिव्यापेक्षा लुकलुकणारा दिवा अधिक बोलका, कारण लुकलुकण्याचा अर्थच असा की या क्षणी दाब नेमका त्या मर्यादेच्या रेषेवर डोलतो आहे. केवळ हो आणि नाही एवढे दोनच शब्द अवगत असलेल्या माणसाने अडखळत उत्तर द्यावे, तसे हे आहे. ते अडखळणे कोणत्या प्रश्नावर होते याकडे लक्ष देणारा तपासनीस सत्याच्या जवळ लवकर पोहोचतो.

आता हा दाब हवा कशाला, हे सांगण्यासाठी थोडे मागे, १८८३ सालच्या इंग्लंडात जावे लागेल. तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या चौकशीचे काम बोशाम्प टॉवर नावाच्या अभियंत्याकडे सोपवले होते, आणि तो रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी त्याने एक भोक पाडले. आस तेलात बुडवून फिरवताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्याने भोकात बूच मारले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही निसटली. अखेर त्याने तेथे दाबमापक लावला, तेव्हा त्याचा काटा चौरस इंचास दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला, वस्तुतः बेअरिंगवर सरासरी भार होता शंभर पौंडांचा! फिरणारा आस स्वतःच आपल्याखाली तेलाची पाचर ओढून घेतो आणि त्या पाचरीवर तरंगतो, धातू धातूला स्पर्शच करीत नाही, ही गोष्ट अशी एका उडालेल्या बुचाने उघडकीस आणली, आणि १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने तिचे गणित मांडले. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची चाल पुरातन आहे, आणि एरंडेलाचे महत्त्व तर असे की १९०९ साली वेकफील्डच्या कंपनीने आपल्या वंगणाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून. परंतु वंगण नेमके काय करते हे मनुष्याला कळून अद्याप दीडशे वर्षे झालेली नाहीत. या शोधाचे तात्पर्य आपल्या प्रकरणापुरते एवढेच : इंजिनातील क्रँकचा भार पंपाचा दाब उचलत नाही, तो भार तेलाची पाचर उचलते, पंपाचे काम त्या पाचरीला तेलाचा अखंड पुरवठा करण्याचे. दिवा लुकलुकतो म्हणजे पुरवठ्याच्या खात्यात तूट पडू लागली आहे. पाचर काही काळ निभावून नेते. मग एके ठिकाणी धातू धातूला भिडतो, बेअरिंगचा मऊ थर पुसला जातो, आणि इंजिन जाम होते.

पुरवठ्याचा मार्ग सरळ आहे. इंजिनाच्या तळाशी जे तेलाचे भांडे असते, त्याला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. त्यात बुडालेल्या नळीच्या तोंडाशी जाळी, जाळीतून तेल पंपाकडे, पंपातून फिल्टरकडे, फिल्टरमधून ठोकळ्यात पाडलेल्या वाटांनी क्रँकच्या व कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांकडे, वर कॅमशाफ्टकडे, टर्बो असेल तर त्याच्या आसाकडे, आणि सर्वत्र झिरपून पुन्हा चेंबरात. पंप इंजिनानेच फिरवला जात असल्यामुळे स्लोवर तो थोडे तेल देतो आणि वेगात पुष्कळ देतो. पुष्कळ झालेले तेल दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून परत सोडले जाते. दाब उत्पन्न होतो तो या झिरपण्याला होणाऱ्या अडथळ्यामुळे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सर्व आपोआप उलगडते. बेअरिंग आणि क्रँक यांमधील फट साधारणतः ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर असते, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. आणि फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट न होता आठपट होते. दुसरीकडे तेलाचा घट्टपणा : डिझेल गाड्यांत सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० जातीचे तेल ४० अंश तापमानाला जेवढे घट्ट असते, १०० अंशांना त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेच उरते. घाट चढून तापलेले, पातळ झालेले तेल, झिजून रुंदावलेल्या फटी, आणि टोलनाक्यावर सावकाश फिरणारा पंप, या तिहींचा जेथे संगम होतो तेथे दिवा लुकलुकतो. घाटात दिवा विझलेला होता याचे कारण इंजिन सुखात होते हे नव्हे. पंपाची धावपळ तेथे सर्व उणिवा झाकून टाकीत होती.

म्हणून कुशल मिस्त्री प्रथम पाना उचलत नाही, तो जबानी घेतो. मला दुसऱ्या वेळी जो मिस्त्री भेटला, नाशिकच्या द्वारका चौकाच्या बाजूच्या एका गल्लीत, तो बॉनेट उघडण्यापूर्वी म्हणाला, "साहेब, दिवा लागतो ते राहू द्या, कधी लागतो ते सांगा." या कधीत सर्व आहे. इंजिन तापल्यावर, केवळ स्लोवर लुकलुकत असेल तर संशय पातळ झालेल्या तेलावर, झिजलेल्या बेअरिंगवर, थकलेल्या पंपावर किंवा उघडी अडकून राहिलेल्या रिलीफ व्हॉल्व्हवर. नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे चढणाऱ्या रस्त्यावर ऐन वळणात, किंवा जोराने ब्रेक दाबताच लुकलुकत असेल तर बहुधा तेलच कमी आहे. वळणात ते चेंबरच्या एका कडेस धावते आणि नळीचे तोंड क्षणभर हवा पिते. उलट वेग वाढवल्यावर दाब खचत असेल तर वाट अडली आहे असे समजावे : जाळीवर काळा चिखल साचला आहे, किंवा कोणीतरी गॅस्केटवर सढळ हाताने चोपडलेली चिकटी आत सुटून जाळीला बिलगली आहे, किंवा पावसाळ्यात त्र्यंबकेश्वराच्या पुढे जव्हारकडे जाताना एखाद्या दगडाने चेंबर खालून चेपला आणि त्याचा तळ नळीच्या तोंडाशी जाऊन टेकला. चेपलेला चेंबर गळत नाही म्हणून मालक देवाचे आभार मानतो. गळला असता तर निदान त्याने गाडी थांबवली असती. सकाळी सुरू करताना दिवा विझायला चार-पाच सेकंद लागत असतील आणि पुढे दिवसभर काही नसेल, तर बहुधा फिल्टर हलक्या प्रतीचा आहे, रात्रभर त्यातील तेल खाली उतरून जाते. आणि वेग, तापमान, वळण यांपैकी कशाशीही संबंध न ठेवता, केवळ खड्ड्यात आदळताच किंवा पाऊस पडताच दिवा मनाला येईल तसा लुकलुकत असेल, तर गुन्हेगार तेलखात्यात नसून विजेच्या खात्यात आहे.

विजेच्या बाजूची पारख जुन्या धाटणीच्या गाड्यांत घरच्या घरी होते. या स्विचला बहुधा एकच तार असते, कारण परतीची वाट इंजिनाच्या लोखंडातून असते. किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, ती तार काढावी : दिवा विझला पाहिजे. न विझला तर तारेचे आवरण कोठेतरी घासून तिने उघड्या लोखंडाला स्पर्श केला आहे. तार काढताना स्विचच्या टोकात तेल साचलेले दिसले तर आतला पडदा फाटला आहे, आणि स्विच बदलणे हेच योग्य. अलीकडच्या गाड्यांत मधे संगणकाची लुडबूड असते, तेथे ही पारख चालत नाही.

परंतु जबानी म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा एकच : स्विच काढून त्याच भोकात काट्याचा दाबमापक बसवायचा, गाडी अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापवायचे, आणि स्लोवर व दोन हजार फेऱ्यांवर काटा काय दाखवतो ते लिहून घ्यायचे. हजार फेऱ्यांमागे निदान दहा पौंड, हा गॅरेजांतील जुना आडाखा आहे, आणि गाडीचे पुस्तक हाताशी नसेल तेव्हा तो पुरतो. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांवर तेलाच्या दाबाची काट्याची तबकडी समोरच असे, आणि तिच्या चालकांना रोज पाहून पाहून आपल्या इंजिनाचा स्वभाव ठाऊक झालेला असे. १९६४ साली स्थापन झालेल्या ओझरच्या ज्या कारखान्यात विमाने जुळवली जात आली, तेथील वैमानिकालाही केवळ दिव्यावर विसंबून आकाशात पाठवीत नाहीत. मोटारीत तबकडी जाऊन दिवा आला तो बचतीसाठी, आणि त्यामुळेही की सामान्य मनुष्य काट्याकडे पाहतच नाही. हा दुसरा युक्तिवाद मला पटत नसला तरी खोटा ठरवता येत नाही. दाबमापक मात्र फार महागडी वस्तू नाही, आणि ज्या गॅरेजात तो नाही तेथे या दिव्याचा तपास करवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या गाडीत तो बसवला तेव्हा तापलेल्या इंजिनाचा काटा स्लोवर ०.४ बारच्या आसपास थरथरत होता. म्हणजे दिव्याने खोटे सांगितले नव्हते. पहिला स्विच अर्ध्या बारला बोलणारा असावा, नवा त्याहून कमी मर्यादेला बोलणारा होता. दाब उतरतच होता, फक्त आम्ही साक्षीदार बदलून अधिक भिडस्त साक्षीदार नेमला होता, आणि दाब त्याच्याही मर्यादेपर्यंत उतरायला महिना लागला. मग मिस्त्रीने तेलाची पातळी मोजण्याची पट्टी काढली. पट्टीवरील तेल वरच्या खुणेच्याही वर होते. मी समाधानाने मान डोलावली. त्याने पट्टी नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. डिझेलचा वास येत होता. एक इंजेक्टर गळत होता, डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरात उतरत होते, आणि तेल वाढत होते ते असे पातळ होऊन वाढत होते. पट्टीवरील तेल आपोआप वाढलेले दिसले तर लक्ष्मी आली असे मानू नये. बीएस-सहाच्या नव्या डिझेल गाड्यांत, घर ते कचेरी असा लहान प्रवास सतत होत राहिला तर धुराची गाळणी जाळून साफ करण्याच्या खटपटीत असेच डिझेल तेलात मिसळते, तेव्हा कॉलेज रोडपलीकडे क्वचित जाणाऱ्या गाडीच्या मालकानेही अधूनमधून पट्टी हुंगावी. तेल दुधाळ दिसले तर बहुधा त्यात रेडिएटरचे पाणी गेले आहे. आणि कोणी प्रेमाने जास्तीचे तेल ओतले असेल तर क्रँक ते घुसळून त्याचा फेस करतो, पंपाच्या वाट्याला तेलाऐवजी फेस येतो, आणि दिवा त्याही कारणाने लुकलुकू शकतो.

या दिव्यावर बाजारात एक रामबाण इलाज प्रचलित आहे, तो म्हणजे घट्ट तेल. पुस्तकात सांगितलेल्या जातीऐवजी २०डब्ल्यू-५० किंवा त्याहूनही घट्ट काही ओतले की फटींतून झिरपणे कमी होते, दाब वाढतो, दिवा विझतो आणि मिस्त्रीचा जयजयकार होतो. हजारो मैल तुडवलेल्या, विकून टाकण्याच्या किंवा मोडीत काढण्याच्या इंजिनाला चार दिवस चालवून नेण्याचे साधन म्हणून मी त्याचा निषेध करणार नाही. परंतु अडलेली जाळी, चेपलेला चेंबर किंवा डिझेल पिणारे तेल यांवर हा उपाय करणे म्हणजे ताप आलेल्याच्या काखेतील थर्मामीटर काढून फेकणे. शिवाय पातळ तेलासाठी, ०डब्ल्यू-२० वा ५डब्ल्यू-३० या जातींसाठी घडवलेल्या नव्या इंजिनांत घट्ट तेल थंडीच्या सकाळी वरच्या भागांपर्यंत पोहोचायला विलंब लावते. निफाडच्या बाजूस हिवाळ्यात पारा किती खाली उतरतो हे द्राक्षबागायतदारांना विचारावे.

रस्त्यात दिवा लागला तर काय करावे, हेही सांगितले पाहिजे. स्लोवर लुकलुकून रेस देताच विझत असेल तर घाई नाही, परंतु दिरंगाईही नको : सपाट जागा पाहून थांबावे, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे तेल खाली उतरू द्यावे, पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहावी, कमी असल्यास खालच्या व वरच्या खुणेच्या मध्यापर्यंत भरावे. या दोन खुणांमधले अंतर पुष्कळ गाड्यांत सुमारे एका लिटरचे असते, तेव्हा एक लिटरचा डबा डिकीत असणे शहाणपणाचे. चालत्या गाडीत मात्र दिवा ठळक पेटला आणि रेस देऊनही विझला नाही, तर हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा असतो. नाशिक पंधरा किलोमीटरवर आले आहे हा विचार त्या वेळी अत्यंत महाग पडतो. तेवढ्यातही क्रम सोडू नये : आधी गाडी कडेला घेऊन उभी करावी आणि मग किल्ली फिरवावी, कारण घाटाच्या उतारावर चालती गाडी बंद केली तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात आणि इंजिन वाचवण्याच्या भरात मनुष्य दरीत जातो.

माझ्या गाडीचा चेंबर उतरवून मिस्त्रीने बेअरिंगच्या वाट्या तपासल्या. त्यांच्यावर बारीक ओरखडे होते, तांबे अद्याप दिसू लागले नव्हते. इंजेक्टर बदलला, तेल व फिल्टर नवे घातले, आणि तापलेल्या इंजिनाने स्लोवर १.२ बार दाखवला. तो आकडा मी गाडीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवला आहे. तुम्हीही तुमच्या गाडीचा आकडा, ती धडधाकट असतानाच, एकदा मोजून घ्या. आणि वापरलेली गाडी विकत घ्यायला गेलात तर प्रथम इंजिन सुरू न करता केवळ किल्ली फिरवून पाहा. तो तांबडा दिवा लागला नाही, तर कोणीतरी त्याची तार तोडली आहे असा संशय धरा, आणि ते कारण सापडेतोवर सौदा करू नका.